शिशाच्या भांड्यात अंदाज नको, मीटर हवा

मी कापडाचा व्यापारी. शिशाच्या धंद्यावर मी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या बाजारात कापडाची पेढी असते त्याच बाजारात चार दुकाने सोडून बॅटरीवाला बसलेला असतो. त्याच्या मागच्या खोलीत शिसे वितळत असते आणि वरच्या माळ्यावर त्याची मुले शाळेचा अभ्यास करीत असतात. शेजाऱ्याच्या धंद्यात होणारे नुकसान डोळ्यांना दिसत असताना 'आपला काय संबंध' म्हणणे व्यापाऱ्याला शोभत नाही. शिवाय ज्या एका गोष्टीबद्दल मला सांगायचे आहे ती आम्ही कापडवाल्यांनी आधीच शिकलेली आहे. ती गोष्ट म्हणजे तापमान मोजणे.

एके काळी रंगाईचे काम अंदाजाने चालत असे. रंगारी उस्ताद पाण्याची वाफ पाहून सांगत, 'आता माल सोडा.' पुढे पॉलिस्टर आले. ते बंद मशिनमध्ये १३० अंश सेल्सिअसच्या आसपास रंगवावे लागते. तेथे वाफ पाहून अंदाज बांधण्याची सोयच राहिली नाही. एका लॉटची छटा दुसऱ्या लॉटशी जुळली नाही की व्यापारी गाठ परत पाठवी. दोन-चार गाठी परत आल्या की कारखानदार आपण होऊन मीटर बसवी. त्याला कोणी उपदेश करावा लागला नाही. परत आलेल्या मालानेच त्याला शिकवले.

शिशाच्या कामात नेमके हेच घडत नाही. भांडे हवे त्यापेक्षा शंभर अंश जास्त तापले तरी जाळ्याचे वजन ओतले जाते, बॅटरीचे टर्मिनलही उभे राहते. गिऱ्हाईक माल परत आणत नाही. नुकसान होतेच, पण ते राखेच्या डब्यात जाते, धुरात जाते आणि माणसाच्या अंगात जाते. हिशेबाच्या वहीत ते कुठेच लिहिले जात नाही. म्हणून या धंद्यात आजही बहुतेक ठिकाणी अंदाज चालतो, आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

विजेचे भांडे आले, पण ताबा आला का?

लहान प्रमाणावर शिसे ओतणारे आपल्यात बरेच आहेत. बॅटरीची दुरुस्ती करणारे आहेत, कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांना लावायची वजने बनवणारे आहेत, जुन्या इंजिनांची व्हाइट मेटलची बेअरिंगे भरणारे आहेत. पूर्वी कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह असे. नंतर गॅस आला. आता अनेकांनी विजेचे भांडे घेतले आहे किंवा घेण्याच्या विचारात आहेत. हे चांगलेच झाले. कोळशाचा धूर गेला, ज्योत गेली, भांड्याखाली राख साचणे बंद झाले.

पण एक गैरसमज सोबत आला. वीज आली म्हणजे तापमानावर ताबा आपोआप आला, असे पुष्कळांना वाटते. भांड्याला एक बटण असते, त्यावर १ ते १० आकडे असतात. कारागीर सांगतो, 'मी सातवर ठेवतो.' सात म्हणजे किती अंश? ते त्याला ठाऊक नसते, आणि खरे म्हणजे भांड्यालाही ठाऊक नसते.

स्वस्त भांड्यांत बहुधा सिमरस्टॅट असतो. तो हीटरला ठरावीक वेळ चालू ठेवतो आणि ठरावीक वेळ बंद ठेवतो. शिसे किती तापले हे तो पाहतच नाही. भांडे काठोकाठ भरलेले असो की तळाशी दोन किलो उरलेले असो, सातवर ठेवले की तो आपल्या चालीने वीज देत राहतो. सकाळी भरलेल्या भांड्यात जे तापमान असते ते दुपारी माल संपत आल्यावर कितीतरी वर चढलेले असते. कारागिराने बटणाला हात लावलेला नसतो, म्हणून त्याला वाटते सर्व काही तसेच आहे.

त्यात विजेच्या दाबाची भर पडते. हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा हीटर दाब १९० पर्यंत उतरला की जेमतेम १३६५ वॅट देतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. तोच दाब रात्री यंत्रमाग बंद झाल्यावर २५० वर गेला की हीटर २३६० वॅट देऊ लागतो. ज्या गावात दिवसभर दाब वरखाली होतो तेथे 'सातवर ठेवले' या बोलण्याला काही अर्थ राहत नाही.

आकडे काय सांगतात

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात अँटिमनी किंवा कथील मिसळले की ते त्याहून खाली वितळू लागते. अँटिमनी सुमारे ११ टक्के असेल तर तो मिश्रधातू २५२ अंशांच्या आसपासच पातळ होतो. कथील सुमारे ६२ टक्के आणि बाकी शिसे असेल तर १८३ अंशांना. हेच आपले डाग देण्याचे सोल्डर.

ओतण्यासाठी धातू वितळण्याच्या बिंदूपेक्षा थोडा वर न्यावा लागतो, म्हणजे साच्यात जाईपर्यंत तो गोठत नाही. साधारणपणे शिशाच्या लहान ओतकामाला ३५० ते ४०० अंश पुरतात. मिश्रधातूला यातला खालचा आकडा घ्यावा, शुद्ध शिशाला वरचा. ४२० च्या पुढे जाण्याची गरज क्वचित पडते. तरीही अंदाजाने चालणारे भांडे ५०० च्या घरात सहज पोहोचते, कारण जास्त तापलेले शिसे साच्यात सरळ धावते आणि कारागिराला काम सोपे वाटते.

वास्तविक बहुतेक वेळा दोष भांड्याचा नसतो, साच्याचा असतो. साचा थंड असला की मालावर सुरकुत्या पडतात. कारागीर समजतो शिसे थंड आहे आणि बटण पुढे सरकवतो. साचा आधी गरम करून घेतला आणि एका लयीत ओतत गेले तर त्याच शिशात स्वच्छ माल निघतो. उलट मालावर दवासारखी पांढुरकी खरखर दिसू लागली तर समजावे की साचा किंवा धातू गरजेपेक्षा जास्त तापला आहे.

आता नुकसानीचा हिशेब पाहू. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागाला हवा लागते आणि त्यावर मळ धरतो. हा मळ म्हणजे हवेतील प्राणवायूशी मिळून खराब झालेले शिसेच असते, आणि त्याच्यात चांगले शिसेही अडकून जाते. तापमान जितके जास्त तितका मळ झपाट्याने धरतो. समजा, २० किलोच्या भांड्यावर दिवसाला १ किलो मळ काढला जातो. म्हणजे ५ टक्के माल गेला. तापमान आवरून तो अर्धा किलोवर आला, तर महिन्याच्या २५ दिवसांत साडेबारा किलो शिसे वाचले. तुमच्या गावातल्या आजच्या भावाने या साडेबारा किलोचा गुणाकार तुम्हीच करा आणि मीटरच्या किमतीशी ताडून पाहा. आकडे माझे नव्हेत, उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने महिनाभर आपला मळ तराजूवर तोलून स्वतःचा आकडा काढावा.

आणखी एक फायदा भंगार वापरणाऱ्यांना आहे. चाकांना समतोलासाठी लावलेली जुनी वजने भंगारात येतात. त्यांतली काही शिशाची नसून जस्ताची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि शिशापेक्षा हलके असते. भांडे ४०० च्या खाली ठेवले तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात. पळीने उचलून बाजूला टाकले की झाले. भांडे ४५० वर असेल तर तेच जस्त शिशात मिसळते आणि सगळे भांडे बिघडते. मग माल नीट भरत नाही आणि कारण कोणालाच कळत नाही.

मोजायचे कसे

तापमान मोजण्याच्या नावाखाली काही जण लेझरची पिस्तुलासारखी बंदूक वापरतात. ती लांबून आकडा दाखवते म्हणून सोयीची वाटते. चकाकत्या शिशावर मात्र ती फसवते. ताजा, आरशासारखा पृष्ठभाग उष्णतेचे किरण कमी सोडतो, म्हणून बंदूक खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवते. कारागीर तो खरा मानून भांडे आणखी तापवतो. हे मीटर नसण्यापेक्षाही वाईट.

खरे मोजमाप धातूच्या आत होते. त्यासाठी थर्मोकपल लागते, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड. तो तापला की तारांत सूक्ष्म वीज निर्माण होते. या कामाला 'के' जातीचे थर्मोकपल सर्रास मिळते आणि पुरेसे आहे. ते स्टेनलेस स्टीलच्या नळीत बंद असावे आणि नळीचे टोक शिशात बुडलेले असावे. भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेले थर्मोकपल हीटरची गरमी मोजते, शिशाची नव्हे. ते भिंतीला किंवा तळालाही टेकू नये. थर्मोकपलपासून मीटरपर्यंतची तारही त्याच जातीची घ्यावी. साधी तांब्याची तार जोडली तर आकड्यात फरक पडतो. आणि जोडताना धन-ऋण उलटे झाले तर भांडे तापत असताना मीटरचा आकडा खाली खाली जातो. असे दिसले की लगेच वीज बंद करून जोडणी तपासावी.

मीटर दोन प्रकारचे. एक नुसता चालू-बंद करणारा. ४०० ला बंद, खाली आले की चालू. यात हीटरमध्ये साठलेली उष्णता बंद केल्यावरही शिशात येत राहते, म्हणून काटा मागेपुढे बराच झुलतो. दुसरा पीआयडी कंट्रोलर. चांगला ड्रायव्हर थांबा दिसल्यावर आधीच पाय उचलतो आणि बस हलकेच उभी करतो, तसे हा कंट्रोलर ठरलेला आकडा जवळ आला की वीज कमी करत जातो. त्यामुळे तापमान काही अंशांच्या आत स्थिर राहते. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्वतः जुळवून घेण्याची सोय असते. ती चालवताना भांडे रोजच्या कामाइतके भरलेले असावे. रिकाम्यासारख्या भांड्यावर जुळवलेले माप भरलेल्या भांड्याला लागू पडत नाही.

ही युक्ती परदेशात छंद म्हणून काम करणाऱ्यांनी लहान भांड्यांवर चांगली पडताळलेली आहे. अमेरिकेत नेमबाजीचे शौकीन बंदुकीच्या गोळ्यांसाठी घरच्या घरी शिसे ओततात. त्यांच्या विजेच्या भांड्यांनाही असेच आकड्यांचे बटण होते आणि माल भरत नाही, वजन सारखे येत नाही अशाच तक्रारी होत्या. त्यांनी शिशात थर्मोकपल सोडून पीआयडी कंट्रोलर जोडला आणि तक्रारी कमी झाल्या. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा त्यांच्या मालाशी आपले काही देणेघेणे नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांची मोजण्याची सवय.

एक इशारा देणे जरूर आहे. कंट्रोलर स्वतः हीटरचा भार उचलत नाही. मधे सॉलिड स्टेट रिले बसवावा लागतो. तो तापतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा पंखेदार पत्रा लागतोच. हा रिले बिघडला तर बहुधा चालू अवस्थेत अडकतो. म्हणजे मीटर 'बंद' म्हणत असतो आणि हीटर जळत असतो. म्हणून ४५० अंशांना सगळी वीज तोडणारी दुसरी, स्वतंत्र व्यवस्था ठेवावी, तिचे थर्मोकपलही वेगळे असावे. अर्थिंग पक्के असावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. पावसाळ्यात बरेच दिवस पडून राहिलेल्या हीटरमध्ये ओल धरते, ती तपासल्याशिवाय भांडे सुरू करू नये.

भांडे बिडाचे किंवा लोखंडाचे असावे. ॲल्युमिनियमचे पातेले या कामाला वापरू नये, ते तापल्यावर नरम पडते. आणि कितीही चांगला मीटर असला तरी पाण्यापासून तो वाचवत नाही. ओली लादी, दमट भंगार किंवा घामाचा थेंब तापल्या शिशात बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होते, तिचा आकार पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक असतो, आणि शिसे तोंडावर उडते. लादी आधी भांड्याच्या काठावर ठेवून कोरडी आणि गरम करावी. पळीही गरम करूनच बुडवावी.

उस्तादांचे म्हणणे

जुने उस्ताद म्हणतात, 'आमचा डोळाच मीटर आहे. कागदाचा कपटा किंवा काडी बुडवली की रंगावरून कळते.' हे खोटे नाही. कागद किती काळवंडतो यावरून बेअरिंग भरणाऱ्यांनी उत्तम कामे केली आहेत. त्या हुनराचा आदर आहेच. पण कागद त्या क्षणाचे सांगतो. दहा मिनिटांनी दाब वाढला, भांडे अर्धे झाले, उस्ताद जेवायला गेले आणि पोरगा ओतायला बसला, तर कागद कोण बुडवणार? मीटर उस्तादाची जागा घेत नाही. उस्ताद नसताना त्याचा हुकूम पाळला जाईल एवढेच तो पाहतो.

दुसरे म्हणणे बिलाचे. विजेचे बिल परवडत नाही म्हणतात. हिशेब करून पाहा. २० किलो शिसे ३० अंशांवरून ३८० अंशांपर्यंत नेऊन वितळवायला जेमतेम ०.४ युनिट पुरेल इतकी उष्णता लागते. भांड्याच्या भिंतीतून आणि उघड्या तोंडातून जाणारी उष्णता धरून हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. बिल वाढते ते वितळवण्याने नव्हे. उघडे भांडे दिवसभर ५०० वर धरून ठेवल्याने वाढते. बाहेरून उष्णता रोखणारे वेष्टण, वरून झाकण आणि योग्य आकडा या तीन गोष्टींनी बिल खाली येते.

ज्याचा भाव होत नाही

इथवर मी व्यापाऱ्याच्या भाषेत बोललो. आता ज्या नुकसानीचा भाव होत नाही तिच्याबद्दल. शिशाची वाफ तापमानाबरोबर वाढत जाते, आणि ५०० अंशांच्या आसपास तिचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे राहत नाही. ती दिसत नाही, तिला वासही नसतो. भांडे ४०० च्या आत ठेवले तर हा धोका पुष्कळ कमी होतो. पण कमी होतो, संपत नाही, हे नीट समजून घ्यावे. मळाची बारीक भुकटी कोणत्याही तापमानाला विषारी आहे. ती हातांवर, कपड्यांवर, चपलांवर बसून घरात जाते. मीटर बसवला म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये.

मोठ्या माणसाला शिसे हळूहळू त्रास देते: पोटदुखी, अशक्तपणा, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार. लहान मुलांच्या मेंदूवर ते घाला घालते, आणि तेथे झालेले नुकसान भरून येत नाही. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु जुन्या बॅटऱ्या फोडून गाळण्याचा धंदा हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

सेनेगल देशात डाकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे लोक उदरनिर्वाहासाठी जुन्या बॅटऱ्यांतले शिसे काढीत, मातीत सांडलेले शिसे चाळून विकीत. २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत त्या एका वस्तीत १८ लहान मुले दगावली. ती मुले कोणत्याही कारखान्यात कामाला नव्हती. ती अंगणात खेळत होती.

म्हणून भांडे राहत्या घरात नको, मुले खेळतात त्या गल्लीच्या तोंडाशी नको. वर धूर ओढून बाहेर नेणारा पंखा हवा. फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मळ झाकणाच्या डब्यात ठेवावा. दुकानात खाणे, चहा, विडी बंद. घरी जाण्याआधी साबणाने हातपाय धुवावेत आणि कामाचे कपडे दुकानातच बदलावेत, मुलाला उचलून घेणे त्यानंतर. काम करणाऱ्याने आणि घरच्या मुलांनी रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे गाळण्याचा अधिकार फक्त नोंदणी झालेल्या कारखान्यांना आहे. आधी २००१ चे नियम होते, आता २०२२ चे आहेत. तुमच्या विजेच्या भांड्यात तयार लादी वितळवून माल ओतणे वेगळे आणि मागल्या अंगणात बॅटरी फोडणे वेगळे. दुसरे काम मीटर लावूनही सुरक्षित होत नाही. ते करूच नये.

कोणी काय करावे

माझे म्हणणे एवढेच आहे की कापडात जे काम परत आलेल्या गाठींनी केले, ते शिशात आपण जाणूनबुजून करायला हवे. बॅटरीवाल्यांनी आणि ओतकाम करणाऱ्यांनी महिनाभर रोजचा मळ तोलून वहीत लिहावा. नुकसान वहीत उतरले की मीटरचा खर्च जड वाटणार नाही. ज्यांना एकट्याने जमत नसेल त्या चार दुकानदारांनी मिळून वस्तीबाहेर एक गाळा घ्यावा, एक चांगले भांडे पीआयडी कंट्रोलरसह बसवावे आणि पाळीने ओतावे. जे व्यापारी हा माल घाऊक उचलतात किंवा भांडवल पुरवतात त्यांनी भाव ठरवताना एक प्रश्न जरूर विचारावा: 'भांडे किती अंशांवर चालते?' आम्ही कापड घेताना रंगाईचा कागद मागतो, तसे यांनीही मागावे. विचारणारा व्यापारी असला की मोजणारा कारागीर तयार होतो.

आणि शागीर्दाला पहिल्या दिवशी पळी देण्याआधी मीटरचा आकडा वाचायला शिकवावा. तो आकडा ४०० च्या वर जाताना दिसला की कोणालाही न विचारता वीज बंद करण्याची मुभा त्याला असावी, मग उस्ताद दुकानात असोत की नसोत.